जोराच्या वाऱ्यात ग्राउंडस्पीडचा हिशेब: नव्या हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी

एअरस्पीड इंडिकेटरवर १०० नॉट (ताशी सागरी मैल), जीपीएसवर ६५ नॉट, आणि दोन्ही उपकरणं ठणठणीत. जोराच्या वाऱ्यात हे नेहमीचंच चित्र. पहिला आकडा, म्हणजे हवेतला वेग (एअरस्पीड), रोटरसाठी आहे: लिफ्ट, कंट्रोल आणि मॅन्युअलमधल्या वेगमर्यादा त्यावर चालतात. दुसरा आकडा, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग (ग्राउंडस्पीड), घड्याळासाठी आणि टाकीसाठी आहे. वाऱ्यात नवशिक्यांचे जे घोटाळे होतात, त्यांतले बरेचसे या दोन आकड्यांची अदलाबदल केल्यामुळे होतात. इंधन मोजताना एअरस्पीड धरला जातो आणि उतरताना वेग जमिनीकडे बघून ठरवला जातो. करायचं असतं नेमकं उलट.

हेलिकॉप्टरला वारा इतका का झोंबतो, हे साध्या भागाकारातून कळतं. ४५० नॉटने जाणाऱ्या जेटच्या वेगातला जेमतेम पंधरावा भाग ३० नॉटचा समोरचा वारा खातो. १०० नॉटने जाणाऱ्या लहान हेलिकॉप्टरचा तोच वारा जवळजवळ एक तृतीयांश वेग गिळतो. त्यात टाकी लहान. म्हणून विमानवाल्यांच्या गप्पांत जो वारा ‘थोडा उशीर होईल’ एवढ्यावर सुटतो, तोच आपल्याकडे ‘पोचणार की नाही’ इथपर्यंत येतो.

खालच्या उदाहरणांत ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) १०० नॉट धरला आहे, म्हणजे गणित डोक्यात करता येतं. तुमच्या हेलिकॉप्टरचा आकडा वेगळा असेल तर तो घाला.

पायरी १: वारा नीट वाचा

वाऱ्याची दिशा म्हणजे तो कुठून येतो ती दिशा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत उलटं धरलं जातं आणि मग हेडिंग (नाकाची दिशा) ड्रिफ्टच्याच, म्हणजे वारा ढकलतो त्याच बाजूला वळवलं जातं. मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल), टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज) आणि वरच्या वाऱ्यांचा अंदाज यांतली दिशा ट्रू उत्तरेपासून असते. टॉवर रेडिओवर सांगतो ती मॅग्नेटिक. ट्रॅक (जमिनीवरच्या मार्गाची दिशा) ट्रू आणि वारा मॅग्नेटिक अशी भेसळ करू नका. जिथे व्हेरिएशन (या दोन उत्तरांमधला कोन) १०-१५ अंश आहे, तिथे एवढ्यानेही हिशेब बिघडतो.

मेटारमधला वाऱ्याचा वेग ही दहा मिनिटांची सरासरी असते, आणि ‘जी’ नंतरचा आकडा झोतांचा. २२ नॉट आणि झोत ३५ असं दिसलं, तर ते दोन आकडे दोन वेगळ्या कामांचे आहेत. वेळ आणि इंधन सरासरी वाऱ्यावर मोजायचं. हेलिकॉप्टर हाताळता येईल का, हे झोतावर आणि दोन्हींच्या फरकावर ठरवायचं. इथे फरक १३ नॉट आहे.

पण जमिनीजवळचा वारा घेऊन प्रवासाचं गणित मांडू नका. जमिनीच्या घर्षणामुळे खाली वारा मंदावतो. सपाट जमिनीवर २,००० फुटांवरचा वारा खालच्यापेक्षा बराच जोरात, ढोबळमानाने दुपटीच्या आसपास असू शकतो, आणि उत्तर गोलार्धात त्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने साधारण ३० अंश सरकलेली असते. हा अंदाज आहे, नियम नाही. पाण्यावर फरक कमी असतो. निरभ्र रात्री खाली सगळं शांत आणि हजार फुटांवर सोसाट्याचा वारा, असंही होतं. म्हणून उंचीनिहाय अंदाज काढा आणि ज्या उंचीवर उडणार, त्या उंचीचाच वारा घ्या.

पायरी २: जायचं की नाही, हे आधी

मॅन्युअलची मर्यादा पहिली. रॉबिन्सन आर२२ आणि आर४४ मध्ये, वैमानिकाकडे हेलिकॉप्टरचे किमान २०० तास आणि त्या मॉडेलचे किमान ५० तास नसतील, तर जमिनीवरचा वारा झोतांसह २५ नॉटच्या वर किंवा झोतांचा फरक १५ नॉटच्या वर असताना उड्डाणाला मनाई आहे. वरचं २२ आणि झोत ३५ हे उदाहरण फरकात बसतं, पण झोत २५ च्या वर गेला, म्हणून बाद. मर्यादेचा एक भाग सांभाळला की दुसरा आपोआप सांभाळला जात नाही.

रोटर सुरू करताना आणि थांबवतानाची वाऱ्याची मर्यादा काही हेलिकॉप्टरना वेगळी असते, तीही बघा. फेरे कमी असताना पात्यांना ताठ ठेवणारं केंद्रोत्सारी बल कमी असतं, आणि झोत आला की पातं वर उचललं जाऊन खाली आपटू शकतं, प्रसंगी टेल बूमवर (शेपटीच्या दांड्यावर).

पायरी ३: ग्राउंडस्पीड काढा

फ्लाइट कॉम्प्युटर किंवा ॲप वापरा, हरकत नाही. पण डोक्यातलं गणित यायलाच हवं, कारण हवेत वारा बदलल्यावर ते लागतं, आणि बटण चुकीचं दाबलं गेलं तर हे उत्तर वेडंवाकडं आहे, हे ओळखायलाही तेच लागतं.

समजा ट्रॅक ०९० आहे आणि वारा ०४० वरून ३० नॉट. दोघांमधला कोन ५० अंश, वारा डावीकडून समोरून.

आधी कमाल ड्रिफ्ट: वाऱ्याचा वेग गुणिले ६० भागिले ट्रू एअरस्पीड. इथे ३० × ६० ÷ १०० = १८ अंश. वारा अगदी आडवा असता तर एवढा ड्रिफ्ट आला असता. आता कोनाचा हिस्सा: ३० अंशाला निम्मा, ४५ ला ०.७, ६० ला ०.९ आणि त्यापुढे पूर्ण धरा. ५० अंशाला साधारण ०.७५. म्हणजे ड्रिफ्ट साडेतेरा-चौदा अंश. वारा डावीकडून, म्हणून हेडिंग डावीकडे: ०७६.

समोरचा घटक काढायला तोच तक्ता उलटा लावा: ९० मधून कोन वजा करा आणि त्याचा हिस्सा घ्या. ९० − ५० = ४०, त्याचा हिस्सा ०.६५ च्या आसपास. ३० च्या ०.६५ पट म्हणजे साडेएकोणीस नॉट समोरून. नाक १४ अंश तिरकं ठेवल्यामुळे १०० पैकी ९७ नॉटच ट्रॅकच्या दिशेला लागतात. ९७ − १९ = ७८ नॉट. हा तुमचा ग्राउंडस्पीड.

तिरक्या नाकाची ही किंमत बरेच जण विसरतात. ३० नॉटचा वारा बरोबर ९० अंशांतून असेल तर समोरचा घटक शून्य, तरीही ग्राउंडस्पीड ९५ च होतो. परत येताना पुन्हा ९५. आडवा वारा दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापतो.

इंडिकेटरवरचा वेग आणि ट्रू एअरस्पीड यांतला फरकही धरा: दर हजार फुटांना साधारण २ टक्के. ५,००० फुटांवर इंडिकेटर ९० दाखवत असेल तर ट्रू ९९ च्या आसपास असतो.

पायरी ४: इंधन मिनिटांत मोजा, आणि ‘अर्ध्या टाकी’चा मोह टाळा

लिटर आणि टक्के बाजूला ठेवा. टाकीत किती मिनिटं आहेत, असा विचार करा. तासाला ६० लिटर जळत असेल तर एक लिटर म्हणजे एक मिनिट, सोपं. नसेल तर एकदा भागाकार करून मिनिटांचा आकडा नी-बोर्डवर लिहून ठेवा. दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर नजरेने बघत केलेल्या) उड्डाणासाठी हेलिकॉप्टरला २० मिनिटांचा राखीव साठा ही प्रचलित किमान पातळी आहे. जोराच्या वाऱ्यात ३० धरलेले बरे.

वरच्या उदाहरणात ६० सागरी मैल जायला ७८ नॉटने ४६ मिनिटं लागतात. परतीला तोच वारा पाठीमागून असतो, ग्राउंडस्पीड ११६, म्हणजे ३१ मिनिटं. एकूण ७७. वारा नसता तर ७२. म्हणजे जाता-येता फिटंफाट होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता. वारा जितका जोराचा, तितकी ही वजाबाकी झपाट्याने वाढते. ९० मैलांची खेप, वारा सरळ समोरून आणि येताना सरळ पाठीमागून असेल तर २५ नॉटला एकूण ११५ मिनिटं, ५० नॉटला १४४. वारा नसताना १०८.

आता सर्वांत धोकादायक सवय. ‘अर्धं इंधन संपलं की मागे फिरायचं.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. राखीव वगळून ९० मिनिटांचं इंधन आहे आणि जाताना पाठीमागून २५ नॉटचा वारा आहे असं समजा. जाताना ग्राउंडस्पीड १२५, येताना ७५. अर्धं इंधन म्हणजे ४५ मिनिटं. तोपर्यंत तुम्ही जवळजवळ ९४ मैल पुढे गेलेले असता, आणि तेवढं अंतर ७५ नॉटने परतायला ७५ मिनिटं लागतात. एकूण १२० मिनिटं, हाताशी ९०. राखीव २० मिनिटंही संपतात आणि शेवटची १० मिनिटं कुठल्यातरी शेतावर. जाताना सगळं इतकं सुरळीत चाललेलं असतं की संशय यायला जागाच उरत नाही.

बरोबर सूत्र असं: मागे फिरण्याची वेळ = उपलब्ध मिनिटं × परतीचा ग्राउंडस्पीड ÷ (जातानाचा + परतीचा). इथे ९० × ७५ ÷ २०० = ३३.७५. म्हणजे ३३ मिनिटांना मागे फिरायचं, ७० मैलांच्या थोडं अलीकडे. हा आकडा निघण्याआधी काढा आणि नकाशावर त्या ठिकाणी आडवी रेघ मारा. हवेत गेल्यावर काढू म्हटलं की पुढचं हिरवं मैदान नेहमी ‘आणखी पाचच मिनिटांवर’ असतं.

पायरी ५: उंची आणि वेग निवडा

समोरचा वारा असेल तर खाली, पाठीमागून असेल तर वर, हा जुना सल्ला खरा आहे. ५०० फुटांवर २२ नॉट आणि २,००० फुटांवर ३५ नॉट समोरून असतील तर ६० मैलांना ४६ मिनिटं आणि ५५ मिनिटं असा फरक पडतो. पण खाली उडण्याची किंमत असते: तारा, टॉवर, खडबडीत हवा, रेडिओची कमी पोच, आणि इंजिन बंद पडलं तर जागा शोधायला काही सेकंदच. आमचा कल १,००० फुटांच्या खाली जाऊन मिनिटं वाचवण्याऐवजी वाटेत इंधन घेण्याकडे आहे.

वेगाचं गणित जरा उलटं वाटतं. समोरच्या वाऱ्यात सर्वाधिक अंतर गाठायचं असेल तर वेग थोडा वाढवावा लागतो, पाठीमागच्या वाऱ्यात थोडा कमी करावा लागतो. कारण: इंधनाचा खर्च आणि एअरस्पीड यांचा आलेख काढला, तर वारा नसताना मूळबिंदूपासून वक्राला टेकणारी रेषा जिथे टेकते तो सर्वोत्तम पल्ल्याचा वेग. समोरचा वारा २५ असेल तर रेषा मूळबिंदूऐवजी २५ नॉटच्या खुणेपासून काढायची, आणि ती वक्राला पुढच्या वेगावर टेकते. मॅन्युअलमध्ये असा आलेख असेल तर पट्टी ठेवून एकदा करून बघा, कायमचं लक्षात राहतं. वारा जितका मोठा, तितकं टेकण्याचं ठिकाण पुढे सरकतं.

मात्र हे सपाट हवेतच. हवा खडबडीत असेल तर हा सगळा विचार रद्द. दोन पात्यांच्या टीटरिंग (झोपाळ्याच्या फळीसारख्या डोलणाऱ्या) रोटरला जोराच्या टर्ब्युलन्समध्ये मास्ट बंपिंगचा (रोटरचा मधला भाग त्याच्या दांड्यावर आदळण्याचा) धोका असतो, म्हणून रॉबिन्सनच्या सुरक्षा सूचनेत लक्षणीय टर्ब्युलन्समध्ये वेग ६० ते ७० नॉटवर आणायला सांगितलं आहे. पॉवर कमी, पट्टा घट्ट, उजवा हात मांडीवर टेकवलेला, आणि प्रत्येक हिसक्याला उत्तर द्यायचं नाही. हेलिकॉप्टरला हवेबरोबर थोडं जाऊ द्यायचं आणि मग हलक्या हाताने सावरायचं.

आता हे दोन सल्ले एकत्र ठेवून बघा. समोरून ३५ नॉट, हवा खडबडीत, वेग ६५ वर आणला. ग्राउंडस्पीड ३०. उरलेले २० मैल कापायला ४० मिनिटं. नियोजन १०० नॉटवर केलेलं होतं आणि तिथे १८-१९ मिनिटं लिहिलेली होती. जोराचा वारा आणि टर्ब्युलन्स सहसा जोडीनेच येतात, त्यामुळे हा काही दुर्मीळ योगायोग नाही. डोंगररांगा किंवा उंच इमारतींच्या आडोशाच्या बाजूने जाणार असाल तर त्या टप्प्याचं इंधन ६५ नॉट एअरस्पीडवरच मोजा. परवडत नसेल तर वाऱ्याच्या बाजूने वळसा घालणारा मार्ग काढा.

पायरी ६: हवेत ताळा करा

मार्गावर १०-१५ मैलांवर ठळक खुणा आधीच निवडा. पहिल्या खुणेवरून गेल्यावर घड्याळ चालू करा. सहा मिनिटांत जितके मैल, त्याच्या दहापट ग्राउंडस्पीड: ७.८ मैल म्हणजे ७८ नॉट. जीपीएस हे थेट सांगतो, पण खुणांनी पडताळल्याने चुकीचा वेपॉइंट घातलेलाही उघडा पडतो.

मार्गावरून बाजूला सरकलात तर ६० चा नियम वापरा. ६० मैल गेल्यावर १ मैल बाजूला म्हणजे १ अंश. १५ मैलांत १ मैल डावीकडे सरकलात, तर चूक ४ अंश.

अंदाजातल्या वाऱ्यापेक्षा खरा वारा किती आहे, हे काढायचं असेल तर मोकळ्या, सुरक्षित उंचीवर एअरस्पीड स्थिर ठेवून एक पूर्ण वळण घ्या आणि जीपीएसवरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान ग्राउंडस्पीड बघा. फरकाचं निम्मं म्हणजे वारा. १३१ आणि ६९ दिसले तर वारा ३१ नॉट, आणि ६९ दिसला तेव्हा तुमचं नाक त्याच्या तोंडावर होतं.

सर्वांत उपयोगी आकडा मात्र ‘किमान ग्राउंडस्पीड’. उरलेलं अंतर भागिले राखीव वगळून उरलेली मिनिटं. ४० मैल बाकी, टाकीत ५० मिनिटं, राखीव २०: उरली ३० मिनिटं, म्हणजे किमान ८० नॉट हवेत. जीपीएस ७४ दाखवत असेल तर निर्णय झालेला आहे, फक्त तुम्ही अजून तो घेतलेला नाही. वाट बघून वारा पडेल, या आशेवर बसू नका. जवळच्या इंधनाच्या ठिकाणाकडे वळा, किंवा मोकळं, सुरक्षित मैदान दिसत असताना आणि टाकीत इंधन असताना उतरा. हेलिकॉप्टर असण्याचा हा फायदा वेळेत वापरला तरच फायदा.

पायरी ७: खाली फिरताना जमिनीचा वेग डोळ्यांत भरू देऊ नका

इथे हिशेब संपतो आणि हात-डोळ्यांचं काम सुरू होतं. ५०० फुटांच्या खाली, समजा काहीतरी बघायला घिरट्या घालताय. एअरस्पीड ६०, वारा २५. वाऱ्याच्या तोंडावर जमीन ३५ नॉटने सरकते, पाठ वळली की ८५ ने. डोळा म्हणतो ‘फार वेगात चाललोय’, हात आपोआप सायक्लिक (दिशा आणि वेग देणारी दांडी) मागे घेतो, आणि ग्राउंडस्पीड ओळखीचा ६० वाटू लागतो तेव्हा एअरस्पीड ३५ वर आलेला असतो. पॉवर तेवढीच, वळण चालू, हेलिकॉप्टर खचू लागतं. त्यातच पुन्हा वाऱ्याकडे वळताना आडव्या सरकण्यामुळे वळण घसरतंय असा भास होतो आणि पेडल विनाकारण दाबलं जातं.

उपाय साधा आहे: वाऱ्याच्या दिशेने वळायला लागलात की नजर आधी एअरस्पीडवर आणि बॉलवर (वळण घसरतंय का ते दाखवणाऱ्या गोळीवर). घिरट्यांमध्ये ५०-६० नॉटच्या खाली जाऊ नका. मिनिटाला १८० अंश या प्रमाणित गतीने अर्धं वळण घेतलं तर ३० नॉटचा वारा तुम्हाला तेवढ्या मिनिटात अर्धा सागरी मैल, म्हणजे ९०० मीटरहून जास्त, वाऱ्याबरोबर ढकलतो. अडथळ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला वळण सुरू करायचं नाही ते याचसाठी.

पायरी ८: उतरणं

वारा कुठून आहे, हे उतरायच्या आधी किमान दोन खुणांनी ठरवा: विंडसॉक, धूर, धूळ, पाण्यावरच्या रेषा, झाडांची पानं. अनेक ठिकाणचा विंडसॉक १५ नॉटलाच पूर्ण ताठ होतो, त्यामुळे ताठ विंडसॉक म्हणजे ‘१५ किंवा त्याहून कितीही’ एवढंच. मोठ्या फांद्या हलत असतील तर २२ ते २७, अख्खी झाडं डोलत असतील तर २८ ते ३३ नॉट.

वाऱ्याच्या तोंडावर येताना अडचण कंटाळ्याची असते. २५ नॉट समोरून, एअरस्पीड ४०, ग्राउंडस्पीड १५. पुढे सरकतच नाही असं वाटतं, मग नाक खाली घातलं जातं आणि शेवटी सगळा वेग एकदम मोडावा लागतो. थांबा, येऊ द्या.

पाठीवर वारा घेऊन येणं मात्र खरा सापळा. १५ नॉट पाठीमागून असतील तर जवळ येण्याचा वेग ४० दिसतो, नेहमीसारखा. एअरस्पीड फक्त २५ असतो. ग्राउंडस्पीड १५ वर आला की एअरस्पीड शून्य, आणि तुम्ही अजून खाली येतच आहात. ट्रान्सलेशनल लिफ्ट (पुढच्या वेगामुळे मिळणारी जादा लिफ्ट) साधारण १६ ते २४ नॉटच्या दरम्यान मिळते आणि सुटते, ती हवेतच सुटली. त्या क्षणी पॉवर लावलेली आणि उतरण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांच्या वर असेल, तर व्होर्टेक्स रिंग स्टेटची (स्वतःच खाली ढकललेल्या हवेत हेलिकॉप्टर खचण्याची) सगळी सामग्री जमलेली असते. एअरस्पीड इंडिकेटर कमी वेगात भरवशाचा नसतो, म्हणून तो बघून हे कळेलच असं नाही. जीपीएसचा आकडा इंडिकेटरपेक्षा जास्त, जमीन झपाट्याने जवळ येते, नाक नेहमीपेक्षा जास्त उचलावं लागतं: यांतलं काहीही दिसलं की गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. ३०० फूट उंची हातात असताना घेतलेला गो-अराउंड स्वस्त पडतो.

इंजिन बंद पडलं तरचा विचारही वाऱ्यातच करून ठेवा. ऑटोरोटेशन (इंजिनाशिवाय, हवेने फिरणाऱ्या रोटरवर उतरणं) ६५ नॉटने, उतरण्याचा दर मिनिटाला १,६०० फूट धरला तर १,००० फूट उतरायला साडेसदतीस सेकंद लागतात. तेवढ्यात वारा नसताना साधारण १,२५० मीटर पुढे जाता, २५ नॉटच्या तोंडावर ७७० मीटर, पाठीवर १,७०० हून जास्त. समोर दिसणारं मैदान वाऱ्याच्या तोंडावर असेल तर ते वाटतं त्यापेक्षा दूर आहे.

पायरी ९: हॉवर आणि बंद करणं

२० नॉटच्या तोंडावर हॉवर करताना (एका जागी तरंगताना) ग्राउंडस्पीड शून्य आणि एअरस्पीड २० असतो, म्हणून पॉवर कमी लागते. झोत ओसरला की तीच पॉवर अपुरी पडते आणि हेलिकॉप्टर बसू लागतं. कलेक्टिव्हवर (हेलिकॉप्टर वर-खाली करणाऱ्या दांड्यावर) हात हलका आणि सावध ठेवा.

जमिनीवर माणसाच्या चालीने पुढे सरकताना वारा पाठीवर असेल, तर शेपूट वाऱ्याकडे असते आणि नाक वाऱ्याकडे वळायला धडपडतं. वरून बघता घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या रोटरसाठी, नाकापासून मोजल्यास १२० ते २४० अंशांतला वारा हे करतो. २१० ते ३३० मधला वारा टेल रोटरला स्वतःच्याच भोवऱ्यात अडकवतो, आणि २८५ ते ३१५ मधला मुख्य रोटरचे भोवरे टेल रोटरवर आणून टाकतो. नाक अचानक उजवीकडे फिरू लागलं तर ताबडतोब पूर्ण डावं पेडल, सायक्लिक पुढे, आणि उंची असेल तर पॉवर कमी. रोटर उलट्या दिशेने फिरत असेल तर हे सगळं आरशातल्यासारखं. बहुतेक हलकी हेलिकॉप्टर कुठल्याही दिशेच्या १७ नॉट वाऱ्यात नियंत्रण राहतं असं दाखवूनच प्रमाणित झालेली असतात. त्यापुढे ते राहीलच, असं गृहीत धरू नका. हॉवरमधली वळणं हळू घ्या, आणि शक्य तिथे जास्त पॉवर न लागणाऱ्या बाजूला.

बंद करताना मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर नाक वाऱ्याकडे. रोटर ब्रेक असेल तर परवानगी असलेल्या फेऱ्यांवर लगेच लावा, म्हणजे पाती मंद फिरण्याचा काळ कमी होतो. पाती पूर्ण थांबेपर्यंत प्रवाशांना दार उघडू देऊ नका. झोतात दार हातातून निसटून बिजागरी वाकते, आणि खाली झुकलेलं पातं डोक्याच्या उंचीवर येतं. थांबल्यावर लगेच पात्यांना टाय-डाउन लावा, पिटो कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण) चढवा, आणि सायक्लिकचं फ्रिक्शन आवळा.